किती पौंडांवर मन भरतं?

2009 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या पीटरबरोजवळच्या ब्लूबेल तळ्यांत एक मासा मेलेला आढळला आणि त्याची बातमी राष्ट्रीय वृत्तपत्रांनी छापली. माशाचं नाव बेन्सन. जात कॉमन कार्प, म्हणजे उजनीच्या काठच्या बाजारात ‘सायप्रिनस’ म्हणून विकला जातो तोच. पाठीवरच्या पराला सिगारेटनं भाजल्यासारखं एक भोक होतं, त्यावरून सिगारेटच्या ब्रँडचं हे नाव त्याला चिकटलं. ऐन भरात त्याचं वजन 64 पौंड 2 औंस, म्हणजे सुमारे 29 किलो भरलं होतं. आणि हयातीत तो साठाहून अधिक वेळा गळाला लागला होता. दर वेळी तेच: वजन, फोटो, परत पाण्यात.

म्हणजे साठेक नोंदी आणि मासा एकच. त्यातल्या प्रत्येक नोंदीमागे रात्री जागवणारा, थंडीत कुडकुडणारा एक माणूस होता. त्याचा आनंद खोटा होता असं म्हणण्यात अर्थ नाही. पण तो आकडा नेमका कोणाच्या कर्तबगारीचा, हा प्रश्न उरतोच. वजन वाढवलं माशानं, तळ्याच्या मालकानं आणि आधीच्या लोकांनी पाण्यात ओतलेल्या आमिषानं. शेवटी फोटोत आला तो भलताच.

ब्रिटनमध्ये गोड्या पाण्यातल्या मासेमारीत उभी फाळणी आहे. सॅमन आणि ट्राउट एका बाजूला, त्यांचा थाट वेगळा, खर्च वेगळा. बाकी रोच, टेंच, चब, पर्च, बार्बल, पाईक, कार्प यांच्यामागे लागणं म्हणजे ‘कोर्स फिशिंग’. गिरणी कामगारांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचा हा छंद, आणि त्यातला मासा जवळजवळ नेहमी जिवंत सोडून दिला जातो. मालवणात गरवायला बसलेल्या माणसाचा हिशेब रात्रीच्या कालवणात मिटतो. मासा घरीच न्यायचा नसेल, तर दिवस सत्कारणी लागला की नाही हे ठरवायचं कशावरून?

त्याचं उत्तर तिथल्या मंडळींनी आकड्यात शोधलं. रोच दोन पौंडांचा, पर्च तीनचा, चब पाचचा, बार्बल दहाचा, पाईक विसाचा. वजन दोन आकडी झालं की तो ‘डबल’. स्वतःचा आजवरचा उच्चांक म्हणजे ‘पीबी’. देशानं मेट्रिक पद्धत स्वीकारून जमाना झाला, पण तळ्याकाठी अजून पौंड, औंस आणि ड्रॅमच चालतात. सोळा औंसांचा पौंड, सोळा ड्रॅमचा औंस. एक ड्रॅम म्हणजे जेमतेम पावणेदोन ग्रॅम. विक्रमांच्या यादीत हे ड्रॅमसुद्धा इमानेइतबारे लिहिलेले असतात. शेअर बाजाराला शोभेल अशी ही काटेकोरी शेवाळलेल्या पाण्याच्या काठावर चालते, हे पाहून गंमत वाटते.

या आकड्यांची नुसती टिंगल करणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. हर्टफर्डशायरच्या रिचर्ड वॉकर यांचं उदाहरण घ्या. मोठा कार्प गळाला लागतो तो निव्वळ नशिबानं, त्याच्यामागे ठरवून लागण्यात वेळ फुकट जातो, असा पन्नासच्या दशकापर्यंत सर्रास समज होता. वॉकर पेशानं अभियंता. त्यांनी प्रश्न उलटा मांडला: मासा अमुक एवढा मोठा असेल तर तो कुठं चरतो, केव्हा चरतो, आणि दोर कुठं तुटतो? त्यातून त्यांनी स्वतः आखलेली चिरलेल्या बांबूची दांडी आली आणि मासा आमिषाला लागताच अंधारात वाजणारा विजेचा इशारा आला. हेरफर्डशायरमधलं रेडमायर तळं जेमतेम तीन एकरांचं. 1951 मध्ये बॉब रिचर्ड्‌स यांनी तिथं 31 पौंड 4 औंसांचा कार्प काढला होता. 13 सप्टेंबर 1952 च्या पहाटे वॉकरनी 44 पौंडांचा काढला. त्यांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला फोन केला, माणसं टाकी घेऊन आली आणि तो मासा तिथल्या मत्स्यालयात 1971 पर्यंत लोकांना तोंड दाखवत राहिला. वॉकरनी त्याचं नाव ‘रॅव्हिओली’ ठेवलं होतं. लोकांनी ‘क्लॅरिसा’ केलं आणि तेच टिकलं. दुसऱ्या वर्षी आलेलं वॉकर यांचं ‘स्टिलवॉटर अँगलिंग’ हे पुस्तक पुढच्या पिढ्यांनी पाठ्यपुस्तकासारखं वाचलं.

इथं आकड्यानं माणसाला कामाला लावलं, विचार करायला भाग पाडलं. याच रेडमायरवर 16 जून 1980 रोजी ख्रिस येट्स यांना 51 पौंड 8 औंसांचा कार्प मिळाला, तो मक्याच्या दाण्यांवर. चव्वेचाळीसचे साडेएक्कावन्न व्हायला अठ्ठावीस वर्षं लागली होती.

मग मात्र आकडे पळत सुटले. अंडी आणि प्रथिनांचं पीठ मळून, उकडून केलेल्या टणक गोळ्या आल्या. त्यांना ‘बॉयली’ म्हणतात. त्याच सुमारास ‘हेअर रिग’ आली. यात आमिष गळावर ओवत नाहीत, गळाखाली केसासारख्या बारीक दोऱ्यावर लोंबतं ठेवतात. कार्प ते ओढून घेतो, संशय येऊन थुंकायला जातो आणि उघडा गळ ओठात रुततो. युक्ती इतकी जबर की दांडी स्टँडवर ठेवून माणूस तंबूत झोपला तरी चालतं. शिवाय या पौष्टिक गोळ्या वर्षानुवर्षं पाण्यात पडत राहिल्या, त्यावर मासे पोसले. मोठे मासे सोडलेली तळी उभी राहिली, त्यांची वर्गणी आणि प्रतीक्षायादी उभी राहिली. एकेकाळी वीस पौंडांचा कार्प म्हणजे आयुष्यभराची कमाई; आता चाळीस पौंडी माशाचा फोटोही साप्ताहिकाच्या आतल्या पानावर जातो.

टेंचची गोष्ट आणखी बोलकी आहे. साठच्या दशकात पाच पौंडांचा टेंच मिळाला तर माणूस गावभर सांगत फिरे. 2001 पासूनचा विक्रम आहे 15 पौंड 3 औंसांवर. मासे चांगलं खाऊन वाढले हे खरं, पण त्यात कायद्याचाही हात असावा. इंग्लंडमध्ये 15 मार्च ते 15 जून हा गोड्या पाण्यातल्या कोर्स माशांचा बंदीकाळ, मूळ 1878 च्या कायद्यातला. 1995 मध्ये बहुतेक तळ्यांवरून तो उठला. नद्यांवर अजून आहे. टेंच अंडी घालतो उन्हाळ्याच्या तोंडाला. म्हणजे मादी अंड्यांनी तट्ट फुगलेली असते तो मे महिना पूर्वी बंदीत जाई, तो आता खुला झाला. मासा तोच, माणूस तोच, महिना बदलला की ‘पीबी’ बदलतो.

हीच गोष्ट जवळून पाहायची तर एखाद्या नदीकाठी फेब्रुवारी-मार्चच्या गारठ्यात रोच तोलणाऱ्याला पाहावं. हातजाळीतला मासा तो आधी ओल्या चटईवर ठेवतो. वजनाची थैली पाण्यात बुडवून पिळतो, रिकामी थैली तानकाट्याला अडकवून काटा शून्यावर आणतो. कोरड्या थैलीवर शून्य लावलं तर थैलीतलं पाणीच माशाच्या खात्यात जमा होतं. हात ओले, कारण कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि माशाला रोग धरतो. काटा थरथरतो, थांबतो. एक पौंड पंधरा औंस. अठ्ठावीस ग्रॅम कमी. चांदीच्या अंगाचा, लालभडक परांचा, नदीच्या थंड प्रवाहात वाढलेला अप्रतिम मासा हातात असतो, आणि माणसाच्या तोंडून निघतो तो सुस्कारा. दोन आठवड्यांनी अंडी आणखी भरली असती तर हाच मासा दोन पौंडांचा झाला असता, आणि जूनमध्ये अंडी टाकून हलका झाल्यावर पावणेदोनाचा. यात दांडीवाल्याच्या कसबाचा संबंध कुठं आला?

आकड्यांनी माणसं किती पिसाटतात याचा नमुना 2016 मध्ये दिसला. श्रॉपशायरमधल्या एका तळ्यात 71 पौंडांहून जड कार्प गळाला लागला. देशातला तोवरचा सर्वात मोठा. पण हा निसर्गात वाढलेला मासा की बाहेर पोसून आणून सोडलेलं जनावर, यावरून रण माजलं आणि पकडणाऱ्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. माशासाठी, तेही सोडून दिलेल्या!

याच्या उलट टोकाला ‘आम्हाला वजनाशी काही देणंघेणं नाही’ म्हणणारा पंथ आहे. पाणी, पक्षी, शांतता, थर्मासमधला चहा, एवढंच पुरे म्हणणारा. या मंडळींचं बोलणं कानाला गोड लागतं, पण थोडं तपासून घ्यावं. बहुतेकांच्या पिशवीत तळाशी काटा सापडतो. बीबीसीवर 2018 पासून बॉब मॉर्टिमर आणि पॉल व्हाइटहाऊस या दोन विनोदी नटांची मासेमारीची मालिका गाजते आहे. दोघेही हृदयविकारातून उठलेले, गप्पा आजारपणाच्या, म्हातारपणाच्या, खाण्याच्या. मासे क्वचित लागतात आणि प्रेक्षकाला त्याचं काही वाटत नाही. तरीही त्यांच्या भटकंतीला सहसा एखाद्या ठरावीक माशाचं निमित्त असतं. काहीच ठरवलं नसेल तर काठावर बसणं आणि गळ टाकून बसणं यांत फरक राहत नाही, आणि गळ टाकणाऱ्याला तो फरक हवा असतो.

तेव्हा लक्ष्य ठेवणं वाईट नाही. वाईट आहे ते उसनं घेतलेलं लक्ष्य. दोन पौंडांचा रोच हा आकडा देशभराच्या यादीतून येतो, पण मासा येतो एका विशिष्ट पाण्यातून. कसदार, स्वच्छ, खाद्यानं भरलेल्या खाणतळ्यात तो दोन पौंडांचा सहज होतो. बोटींनी घुसळलेल्या गढूळ कालव्यात बारा औंसांचा रोच हा त्या कालव्यातला म्हातारा असू शकतो. पहिल्याचा फोटो छापला जातो, दुसऱ्याचा नाही. गजन नावाचा बोटभर मासा घ्या. त्याचा ब्रिटिश विक्रम आहे पाच औंस, म्हणजे 142 ग्रॅम, विल्टशायरच्या नॅडर नदीतला, 1990 सालचा. चार औंसांचा गजन काढणारा माणूस चाळीस पौंडी कार्पवाल्यापेक्षा कितीतरी दुर्मीळ, पण बढाई मारायला तो मासा तळहातावरही भरत नाही.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर महसीरचं. 1946 मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इन्गन यांनी कबिनी नदीत 120 पौंडांचा महसीर काढला, आणि तो आकडा आजही भारतातल्या प्रत्येक गळवाल्याच्या डोक्यावर बसलेला आहे. पण तो कावेरी खोऱ्यातला वशिंडवाला महसीर. टाटांच्या लोणावळ्याजवळच्या वळवण केंद्रात ज्याची पैदास झाली तो दख्खनी महसीर वेगळा, त्याची वाढ वेगळी. पवईच्या काठावर कटला-रोहूसाठी बसणाऱ्यानं इंग्लंडमधल्या कार्पचे आकडे उराशी धरावेत, त्यातलाच हा प्रकार.

सुधारणा फार अवघड नाही. प्रत्येक क्लबनं आपापल्या पाण्याची यादी ठेवावी: या तळ्यात गेल्या दहा वर्षांत रोच किती मोठा मिळाला, पर्च किती, आणि कोणत्या महिन्यात. साप्ताहिकांनी बक्षीस देताना त्या पाण्याच्या उच्चांकाशी तुलना करावी. नाव ठेवलेला, पन्नास वेळा काढलेला मासा असेल तर ते बातमीत स्पष्ट लिहावं. वाचणाऱ्याला आपलं आपण ठरवू द्यावं.

आणि हॅम्पशायर एव्हनकडे पाहावं. या नदीचे रोच एकेकाळी देशभर प्रसिद्ध होते. पुढे ते झपाट्यानं आटले. पाणकावळ्यांची वाढलेली संख्या हे त्याचं एक कारण सांगितलं जातं. तिथल्या दोन गळवाल्यांनी ‘एव्हन रोच प्रोजेक्ट’ सुरू केला. जाळी ठोकलेल्या फळ्या ते वसंतात नदीत सोडतात, रोच त्यांवर अंडी घालतात. ती अंडी उचलून टाक्यांत उबवायची, पिल्लं तळ्यांत दोन-तीन वर्षं वाढवायची आणि अंगात बळ आलं की पुन्हा नदीत सोडायची. त्यातला एखादा दोन पौंडांचा व्हायला अजून बरीच वर्षं जातात, आणि तो बहुधा तिसऱ्याच कुणाच्या तरी गळाला लागतो. हे दोघे त्याच नदीवर स्वतःही दांडी घेऊन बसतात, आणि त्यांच्याकडेही काटा आहे.