भंगाराचा आकडा उघड, मग कामगाराचा का नाही?

जालन्यात भंगार वितळवून सळई बनते. देशात परदेशातून किती भंगार येते, हे लपलेले नाही. बंदरावरच्या सीमाशुल्क कागदपत्रांतली माहिती कोलकात्याचे वाणिज्यिक माहिती व सांख्यिकी महासंचालनालय एकत्र करते. वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ७२०४ हा लोखंडी भंगाराचा सांकेतांक टाकला की देशनिहाय आयात दिसते.

पण त्यात माल दिसतो, भट्टीपुढची आपली माणसे दिसत नाहीत. बाबासाहेबांनी १९२३ मध्ये रुपयाचा प्रश्न आकडेवारीनिशी मांडला. आम्हीही निवेदनात नुसत्या घोषणा नकोत, आकडे मांडू आणि मागणी करू: भंगाराची नोंद जितकी उघड, तितकीच कंत्राटी कामगाराची हजेरी, मजुरी आणि अपघातांची नोंद उघड करा.

जय भीम!