अल्कोहोल, पण ‘तसलं’ नाही!

आमच्या ऑफिसातली एक मैत्रीण लेबल वाचल्याशिवाय काही म्हणजे काही विकत घेत नाही. परवा मॉलमध्ये तिने एक मॉइश्चरायझर शेल्फवर असं परत ठेवलं, जणू आत झुरळ निघालं! कारण? सॉर्बिटॉल. म्हणजे शुगर अल्कोहोल. ‘एक तर शुगर, वर अल्कोहोल. चेहऱ्याला? नो वे!’

नावच गंडवणारं आहे, तिचा काय दोष! पण हे चहातल्या साखरेसारखंही नाही आणि फ्रायडे नाइटवालंही नाही. १८७२ मध्ये बुसिंगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला ते रोवन नावाच्या झाडाच्या फळांत सापडलं. झाडाचं लॅटिन नाव सॉर्बस, म्हणून हे सॉर्बिटॉल. आता ते कारखान्यात, बहुतेक मक्याच्या स्टार्चमधल्या ग्लुकोजला हायड्रोजन जोडून बनवतात. साध्या अल्कोहोलच्या रेणूत एकच ‘ओएच’ असतो आणि ते झटकन उडून जातं, त्वचा कोरडी करतं. सॉर्बिटॉलमध्ये असे सहा ओएच. सहा हातांनी ते पाणी धरून ठेवतं. आपली टूथपेस्ट ट्यूबमध्ये वाळत नाही, गोडसर लागते, त्यामागेही बऱ्याचदा हेच साहेब. म्हणजे मॅडम रोज सकाळी ते तोंडात घालतातच की!

फक्त एक फंडा लक्षात ठेवा. सॉर्बिटॉल काय किंवा आजीच्या बाटलीतलं ग्लिसरीन काय, धरायला पाणी तर हवं! दिवसभर एसीच्या कोरड्या हवेत ते त्वचेच्या आतलंच पाणी वर ओढू शकतं. म्हणून आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावा आणि वरून तेलकट क्रीम किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा.

मैत्रिणीचं ठीक आहे हो, ती दुसरं क्रीम घेईल. मला टेन्शन आलं ते मावशीचं. तिला बारा वर्षं डायबेटिस. कुणीतरी सांगितलं, ‘क्रीममध्ये शुगर आहे,’ म्हणून तिने पायाला क्रीम लावणंच बंद केलं. टाचांना ही भेगा! डायबेटिसमध्ये पायाची भेग ही चेष्टा नाही. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर जखम कळतही नाही, आणि चिघळली की प्रकरण हाताबाहेर. क्रीममधल्या सॉर्बिटॉलने रक्तातली साखर वाढत नाही, हे मी तिला फोनवर तीनदा सांगितलं. रोज पाय नीट बघायचे, क्रीम लावायचं, फक्त बोटांच्या बेचक्यात नाही, तिथे ओल राहिली की बुरशी धरते. भेग खोल असेल तर सरळ डॉक्टर.

आणि याच मावशीच्या फ्रिजमध्ये ‘शुगर-फ्री’ बर्फीचा डबा! ती बिनधास्त, मोजमाप नाही. अशा मिठायांत सॉर्बिटॉल किंवा त्याचं भावंड माल्टिटॉल असू शकतं. साखरेत ग्रॅममागे ४ कॅलरी, तर सॉर्बिटॉलमध्ये २.६. शून्य नव्हे! शिवाय जास्त खाल्लं तर पोट धावतं, ते वेगळंच. हे सांगितल्यावर मावशी म्हणाली, ‘बरं, क्रीम लावते. बर्फीचं नंतर बघू.’