तेरा भागांचे वाङ्मय

मराठी विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या कुणालाही वाङ्मयप्रकारांची यादी विचारा. कथा, कादंबरी, कविता, नाटक, ललितनिबंध, चरित्र-आत्मचरित्र, सारे तो धडाधडा म्हणून दाखवील. एकांकिकेला तर आपण पुणेकर डोक्यावरच घेतो. पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत वर्गात कितीजण बसतात, हे आमच्या प्राध्यापकांना विचारावे! परंतु दर आठवड्याला पंचवीस मिनिटांत एक गोष्ट उभी करायची, ती तिथेच पुरी करायची, आणि पुढच्या आठवड्यात त्याच माणसांना घेऊन नवी मांडायची, हे काम करणाऱ्या लेखकाला त्या यादीत जागा नाही. ‘तो काय, मालिका लिहितो’, असे आपण म्हणतो. या वाक्यातला ‘काय’ मला फार दिवस खुपतो आहे.

माझे म्हणणे एवढेच की, भागाभागांत पुरी होणारी मालिका हा स्वतंत्र आणि कठीण लेखनप्रकार आहे, आणि तो आपण वाचला पाहिजे. त्यासाठी मी उदाहरण घेतो ते आपल्या गावच्या सई परांजपे यांचे.

सईबाई म्हटल्यावर ‘स्पर्श’, ‘चश्मेबद्दूर’ आणि ‘कथा’ हे तीन चित्रपट आठवतात. दूरचित्रवाणीचा उल्लेख झालाच तर तोंडी लावण्यापुरता. खरे म्हणजे क्रम उलटा आहे. रँग्लर परांजप्यांची ही नात. वयाच्या आठव्या वर्षी ‘मुलांचा मेवा’ हे परीकथांचे पुस्तक तिच्या नावावर छापून आले होते. फर्ग्युसन टेकडीवर राहणारे तिचे मामा, चित्रपट दिग्दर्शक अच्युत रानडे, तिला गोष्ट सांगत ती पटकथा वाचून दाखवावी तशी. पुणे आकाशवाणीवर निवेदिकेचे काम आणि मुलांचे कार्यक्रम, १९६३ मध्ये राष्ट्रीय नाट्यविद्यालयाची पदवी, आणि मग दिल्लीच्या दूरदर्शनवर अनेक वर्षांची निर्मातीची नोकरी. ‘द लिट्ल टी शॉप’ या त्यांच्या दूरचित्रवाणीपटाला १९७२ मध्ये तेहरान येथे आशियाई प्रसारण संघाचे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झाले, त्याचा उद्घाटनाचा कार्यक्रम करण्यासाठी निवड झाली ती सईबाईंचीच. मोठ्या पडद्यावर नाव झळकण्यापूर्वीची ही उमेदवारी काही थोडीथोडकी नव्हे.

त्या उमेदवारीने काय शिकवले? दूरचित्रवाणीचा पडदा लहान. त्यात गर्दी, घोडे, डोंगर मावत नाहीत. मावतात ती दोन-चार माणसे, एक खोली आणि बोलणे. पैसे बेताचे, म्हणून नेपथ्य बेताचे. प्रेक्षक घरात भाजी निवडत बसलेला, म्हणून पहिल्या दोन वाक्यांत त्याचे लक्ष वेधले नाही तर तो उठून गेलाच. आता ‘चश्मेबद्दूर’ पुन्हा पाहा. १९८१ चा हा चित्रपट मुळात ‘धुआँ धुआँ’ नावाचे दूरचित्रवाणी नाटक होते. तीन रिकामटेकडी पोरे, एकच खोली, भिंतीवर नट्यांची चित्रे, सिगारेटचा धूर. चित्रपटात मोटारसायकल आली, बागेतली गाणी आली, परंतु त्याचा जीव त्या खोलीतच आहे. आणि ‘चमको’ साबणाची पावडर विकायला आलेली दीप्ती नवल दार वाजवते, तिथपासून गोष्ट पळू लागते.

हे दार मला फार महत्त्वाचे वाटते. भागाभागांच्या विनोदी मालिकेत दर आठवड्याला कुणीतरी दार वाजवावेच लागते. कुणी उसनी साखर मागायला, कुणी तक्रार घेऊन, कुणी नुसते डोकवायला. म्हणून शेजार ही या लेखनप्रकाराची मूळ भूमी आहे. सईबाईंच्या लेखनात हा शेजार सारखा भेटतो. ‘कथा’ घडते ती चाळीत. त्यांच्या मराठी नाटकाचे नाव ‘सख्खे शेजारी’. १९८४ च्या त्यांच्या मालिकेचे नाव ‘अडोस पडोस’, आणि पुढच्याच वर्षी ‘छोटे बडे’. हा योगायोग आहे, असे मला वाटत नाही.

आणि हे वर्ष लक्षात घ्या. १९८४ पर्यंत ‘स्पर्श’साठी उत्कृष्ट पटकथेचे राष्ट्रीय पारितोषिक त्यांच्या पदरात पडलेले होते, ‘स्पर्श’ आणि ‘कथा’ हे दोन्ही उत्कृष्ट हिंदी चित्रपट ठरले होते. अशा वेळी माणूस आणखी मोठ्या चित्रपटाकडे जातो. सईबाई लहान पडद्याकडे परतल्या. प्रायोजित मालिकांचे युग नुकतेच सुरू झाले होते. ७ जुलै १९८४ ला ‘हम लोग’ सुरू झाली, ती मनोहर श्याम जोशींची; त्याच वर्षीची ‘ये जो है ज़िंदगी’ शरद जोशींची. (दोन्ही जोशी हिंदीचे, आपले नव्हेत, उगाच कॉलर ताठ करू नये.) त्या काळी मालिकेला मंजुरी मिळे ती साधारणपणे तेरा भागांची. तेरा आठवडे म्हणजे एक तिमाही. लेखकाला आरंभीच ठाऊक असे की, आपल्यापाशी तेरा गोष्टी हव्यात आणि तेराव्यानंतर कदाचित उठावे लागेल.

या बंधनातली खरी अडचण वेगळीच आहे. चित्रपटाचा नायक शेवटी बदलतो. मालिकेतल्या माणसाला बदलण्याची मुभा नाही! या आठवड्यात त्याला अद्दल घडली तरी पुढच्या आठवड्यात तो तोच, तितकाच भोळा, तितकाच हट्टी हवा. आणि तरीही प्रेक्षकाला त्याचा कंटाळा येता कामा नये. हे साधणे किती अवघड, ते ज्याने सलग तीन भाग लिहून पाहिले असतील त्यालाच कळेल.

आमच्या मित्रमंडळींत यावर ठरलेला आक्षेप निघतो : प्रायोजकाच्या पैशावर, करमणुकीसाठी, आठवड्याच्या मुदतीत लिहिलेले ते वाङ्मय कसले? त्यांना मी चिं. वि. जोश्यांकडे बोट दाखवतो. चिमणरावही मासिकांतून, मुदतीतच, एकेका गोष्टीने वाढला, आणि तोही कधी काही शिकला नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनने त्याला पडद्यावर आणले. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. लेखक १९६३ मध्येच निवर्तले होते. त्यांना हे पाहायला मिळाले नाही. पुढे याच प्रभावळकरांनी ‘लोकसत्ते’त ‘अनुदिनी’ हे सदर लिहिले, आणि २००१ मध्ये त्यातून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका निघाली. गोष्टीतून मालिका, मालिकेतला नट सदरलेखक, सदरातून पुन्हा मालिका. एवढी सलग वंशावळ दाखवता येईल असे वाङ्मयप्रकार मराठीत किती आहेत?

आज परिस्थिती पालटली आहे. मालिका रोज असते. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. आठवड्याला सहा भाग द्यायचे म्हटल्यावर गोष्ट पुरी करणे हाच गुन्हा ठरतो. ती ताणायची असते. आपल्यातले जे कोणी लेखणी घेऊन मुंबईला जातात, त्यांना हेच काम मिळते, आणि ते वाईट लिहितात म्हणून आपण त्यांना हसतो. पण चांगले लिहायला शिकावे कुठे? ‘माध्यमांसाठी लेखन’ असे काही अभ्यासक्रमात आले, तरी आराखडा शिकवला जातो. उत्तम संहिता समोर ठेवून वाचली जात नाही. चिमणरावाच्या मालिकेचे फारच थोडे भाग आज पाहायला मिळतात. चित्रपटाची रिळे जपायला आपल्या शहरात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. दूरचित्रवाणीचे शिक्षणही १९७४ मध्ये दिल्लीहून इथल्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आले. लॉ कॉलेज रस्ता आपल्या महाविद्यालयापासून काही दूर नाही.

तेव्हा वाङ्मय मंडळाला एक सूचना. पुढल्या वर्षी पाहुण्या कवींचे संमेलन एकदा कमी करावे. त्याऐवजी पुण्यात राहणाऱ्या एखाद्या मालिकालेखकाला गाठून त्याच्या एका भागाची संहिता मागून आणावी, तिच्या प्रती काढाव्यात, आणि चारपाच जणांनी ती ग्रंथालयाच्या वाचनकक्षात मोठ्याने वाचावी. मग लेखकालाच विचारावे, की हे दार इथेच का वाजले. खर्च फक्त चहाचा. तो मी देईन.