डेटा कोण खातंय?

मोबाइलच्या हॉटस्पॉटला घरचा संगणक जोडला, की दुपारपर्यंत डेटा संपतो आणि बोलणी मात्र तुम्ही खाता. हो ना? मग खरा खादाड शोधू या! संगणकावर लिनक्स असेल, तर आईबाबांना विचारून ‘नेटहॉग्ज’ हा छोटासा प्रोग्रॅम बसवून घ्या. हॉग म्हणजे डुक्कर. नाव कसं शोभतंय, पाहा!

टर्मिनलच्या खिडकीत ‘सुडो नेटहॉग्ज’ अशी आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या. पासवर्ड बाबांना टाकू दे. आता प्रत्येक प्रोग्रॅमपुढे आकडे नाचू लागतील : सेकंदाला किती किलोबाइट गेले, किती आले. ‘एम’ दाबत गेलात, तर एकूण बेरीजही दिसेल. पण ती नेटहॉग्ज सुरू केल्यापासूनचीच हं!

हे त्याला कळतं कसं? नेटवरून येणाऱ्या माहितीच्या पुडक्यावर प्रोग्रॅमचं नाव नसतंच. असतो फक्त पोर्टचा क्रमांक, चाळीतल्या खोलीच्या नंबरासारखा. कोणत्या खोलीत कोण राहतं, ही नोंद लिनक्स ‘प्रॉक’ नावाच्या फोल्डरात दाखवतं. नेटहॉग्ज दोन्ही जुळवून पाहतो.

ब्राउझर बंद करूनही एखादी ओळ भराभर धावतेय? नाव नीट वाचा. बहुधा एखादं अपडेट गुपचूप उतरत असेल. ते नाव बाबांना दाखवा, मग ‘क्यू’ दाबून बाहेर या.