बिल भागले, पण बुडालेल्या धंद्याचे काय?
मेडिक्लेममधून रुग्णालयाचे बिल भागते; रिक्षाचालकाचा बुडालेला धंदा, नातेवाइकांचे जेवणखाण, येणे-जाणे खिशातूनच जाते. ‘हॉस्पिटल कॅश’ पॉलिसी इथे कामी येते. बिल कितीही असो, दिवसाला ठरलेली रक्कम मिळते. अट साधारणपणे किमान २४ तास दाखल राहण्याची. अनेक पॉलिसींत पहिला दिवस धरतच नाहीत. म्हणजे दिवसाला १००० रुपये असतील, तर तीन दिवसांचे हाती २०००च.

खरी ओढाताण डिस्चार्जनंतर सुरू होते. ईएसआयच्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. रिक्षावाल्याला ते नाही. म्हणून त्याने रोजच्या रकमेआधी घरच्या विश्रांतीचे काय, हे विचारावे. काही पॉलिसींत त्यासाठी एकरकमी पैसे असतात, पण ठरावीक दिवस सलग दाखल राहिल्यावरच. ते दिवस किती, हे एजंटकडून तोंडी नको, पॉलिसीत दाखवून घ्यावे.