इंडस बुधवारी येतोय! पण तुमच्या टीममधल्या सगळ्यात साध्या फोनचं काय?

दसऱ्याला मिरजेत घरी होतो. सोनं वाटून झालं, जेवणं झाली आणि अकरावीतला मामेभाऊ फोन घेऊन शेजारी येऊन बसला. "दादा, बुधवारी इंडस येतोय. माझ्या फोनवर चालंल का?"

फोन ४ जीबी रॅमचा, स्क्रीनला कोपऱ्यात तडा, स्टोरेज जवळजवळ भरलेलं. त्याच्या ग्रुपमध्ये चौघं आहेत. तिघांचे फोन बरे आहेत, याचा सगळ्यात साधा. थोडं बोलल्यावर लक्षात आलं की त्याला विचारायचं होतं ते वेगळंच. गेम अडखळला तर बाकीचे तिघं त्याला टीममध्ये ठेवतील का?

प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. प्री-रजिस्ट्रेशनचं बटण दाबून बुधवारची वाट बघणाऱ्या बहुतेकांचा आहे. म्हणून त्याला जे सांगितलं, तेच इथं जरा नीट सांगतो.

नेमकं काय येतंय?

इंडस बॅटल रॉयल हा पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीचा गेम. १६ ऑक्टोबर २०२४ ला अँड्रॉइड आणि आयफोनवर येतोय. याच लोकांचा 'मास्कगन' तुमच्यापैकी काहींनी खेळला असेल. छोट्या मॅपवर टीम विरुद्ध टीम, साध्या फोनवरही चालणारा.

इंडसची जाहिरात २०२२ पासून सुरू आहे. प्ले स्टोअरवर प्री-रजिस्ट्रेशन २०२३ च्या जानेवारीत उघडलं आणि आकडा १ कोटीच्या पुढे गेला. म्हणजे पोरं पावणेदोन वर्षं वाट बघतायत. गेम 'विरलोक' नावाच्या काल्पनिक जगात घडतो. आपल्याकडची जुनी नक्षी, जुने आकार घेऊन त्यातून भविष्यातलं जग उभं केलंय. पबजीसारखं मातकट, करडं रणांगण इथं नाही, रंग भरपूर आहेत. जिंकायचा नियमही थोडा वेगळा. शेवटपर्यंत जिवंत राहिलात की जिंकलात, हे आहेच. पण शेवटच्या टप्प्यात 'कॉस्मियम' नावाची वस्तू ताब्यात घेऊनही मॅच जिंकता येते. त्यामुळे झुडपात लपून बसणाऱ्याची पंचाईत होणार.

एवढी भूक कशामुळे?

थोडं मागे जाऊ. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा, २०१८ च्या मार्चमध्ये, पबजी मोबाइल आला. हॉस्टेलवर एकच वायफाय आणि रात्री अकरानंतर सगळ्या खोल्यांत एकच आवाज. मग २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ अ‍ॅप्स बंद केली, त्यात पबजी होता. दोनच दिवसांत 'फौजी'ची घोषणा झाली. जुलै २०२१ मध्ये पबजीच बीजीएमआय नावाने परत आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर गेला. जुलै २०२२ मध्ये बीजीएमआयही स्टोअरवरून गायब झाला, तो २०२३ च्या मेमध्ये परत आला. फ्री फायर इंडिया ५ सप्टेंबर २०२३ ला येणार होता. तो पुढे ढकलला गेला.

म्हणजे चार वर्षांत तुमच्या वयाच्या पोरांची टीम तीन वेळा मोडली. त्यात त्यांची काही चूक नव्हती. एक दिवस गेम असतो, दुसऱ्या दिवशी नसतो. म्हणून 'आपला', इथंच बनलेला गेम येतोय म्हटल्यावर हुरूप येणारच. तो चुकीचा नाही. फक्त हुरूप आणि आकडे यांच्यावर गेम टिकतो का, हे बघायला हवं.

प्री-रजिस्ट्रेशनचा आकडा काय सांगतो?

प्री-रजिस्टर करायला एक टॅप लागतो. पैसे लागत नाहीत. गेम आला की फोनवर सूचना येते, पर्याय चालू असेल तर तो आपोआप इन्स्टॉलही होतो. लग्नाच्या व्हॉट्सअ‍ॅप निमंत्रणाला 'नक्की येतो' लिहिण्यासारखं आहे हे. पंगतीला किती जण बसले, ते त्या दिवशीच कळतं.

'फौजी'चं उदाहरण घ्या. प्री-रजिस्ट्रेशन लाखांत झालं, २६ जानेवारी २०२१ ला गेम आला, आणि आत एकट्याने खेळायची मोहीम होती, तीही बरीचशी हाणामारीची. मित्रांसोबत खेळायचा मोड आला जूनमध्ये. तोवर पोरं निघून गेली होती.

ताजं उदाहरण परदेशातलं. सोनीचा 'कॉनकॉर्ड' हा पाच विरुद्ध पाच असा रंगीबेरंगी शूटर २३ ऑगस्ट २०२४ ला प्लेस्टेशन आणि पीसीवर आला, किंमत ४० डॉलर. ६ सप्टेंबरला बंद. दोन आठवडे! लोकांचे पैसे परत करावे लागले. सोनीसारख्या कंपनीकडे पैसा, सर्व्हर, जाहिरात, कशाचीही कमी नव्हती. खेळायला माणसंच आली नाहीत.

माणसं कमी पडली की काय होतं?

एकट्याच्या गेमला दुसऱ्या कुणाची गरज नसते. टीमच्या गेमचं तसं नाही. तुम्ही 'स्टार्ट' दाबलं की सर्व्हर तुमच्यासाठी माणसं शोधतो. त्याच मोडमध्ये खेळणारी, तुमच्याच लेव्हलची, जवळच्या सर्व्हरवरची आणि त्याच क्षणी मोकळी असलेली. याला मॅचमेकिंग म्हणतात.

आता गणित करून बघू. हे भाकीत नाही, फक्त हिशोब कसा चालतो ते दाखवतोय. समजा १ कोटीतले ५० लाख लोक गेम इन्स्टॉल करतात. महिन्याने दहातला एक उरला, म्हणजे ५ लाख. त्यातले पाचातला एक रोज खेळतो, १ लाख. रात्री दहाला त्यातले एकाच वेळी २० हजार जण ऑनलाइन. चार मोडमध्ये विभागले तर प्रत्येकी ५ हजार. लेव्हलप्रमाणे पाच गट केले तर १ हजार. रात्री दहाला काही अडचण नाही.

पण मंगळवारी सकाळी अकराला याच्या दहावा हिस्साच माणसं असतील, तर एका गटात उरले शंभर. त्यातले बरेचसे आधीच मॅचमध्ये. मग सर्व्हरपुढे तीनच मार्ग राहतात. तुम्हाला थांबवायचं, नवख्याला उस्तादासमोर उभं करायचं, किंवा जागा बॉटने भरायच्या, म्हणजे माणसाऐवजी कॉम्प्युटरच खेळणार. तिन्ही गोष्टींनी माणूस कंटाळतो, कंटाळला की जातो, आणि माणसं आणखी कमी होतात.

म्हणूनच साधा फोन महत्त्वाचा. चौघांतला एक फोन तापून बंद पडायला लागला, तर एक खेळाडू जातो असं नाही. मामेभावाचा ग्रुप चौघं मिळूनच खेळतो. एक अडकला की चौघंही जुन्या गेमवर परत जाणार. त्याचा तो तडा गेलेला फोन कंपनीच्या हिशोबात खरं तर चार माणसांइतका आहे.

रंग दिखाव्यापुरते नसतात

असले शूटर रंगीत का असतात? पोरांना भडक आवडतं म्हणून, असं घरच्यांना वाटतं. कारण वेगळं आहे. टीमच्या गेममध्ये अर्ध्या सेकंदात ओळखावं लागतं की समोरचा आपला की परका, आणि त्याच्याकडे काय आहे. २००७ चा 'टीम फोर्ट्रेस २' याचा धडा मानला जातो. त्यातला प्रत्येक गडी नुसत्या सावलीवरूनही ओळखू येतो. २०१६ च्या 'ओव्हरवॉच'नेही तीच वाट धरली.

साध्या फोनला याचा फायदा होऊ शकतो. ठळक आकार, मोठे रंगीत पट्टे असले की ग्राफिक्स कमीत कमी ठेवूनही शत्रू दिसतो. गवताचं पान न् पान खरं दाखवणाऱ्या गेममध्ये सेटिंग कमी केलं की सगळा चिखल होतो. पण रंगांसोबत झगमग, धूर, प्रकाशाचे झोत जास्त आले तर हाच फोन तापतो. तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. पहिल्या मॅचला मस्त चाललेला गेम तिसऱ्या मॅचला अडखळतो तो यामुळेच. म्हणून एका मॅचवरून फोनची परीक्षा करू नका, सलग तीन खेळा.

"मी भिंतीमागं होतो, तरी मेलो!"

ही तक्रार बुधवारी रात्री तुमच्या ग्रुपवर नक्की येणार. त्यामागचं कारण पिंग. तुम्ही बटण दाबलं की निरोप सर्व्हरला जातो आणि उत्तर परत येतं. या जाण्या-येण्याला लागणारा वेळ म्हणजे पिंग, मिलिसेकंदात मोजलेला.

फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मिरज ते मुंबई तारेचं अंतर ४०० किलोमीटर धरलं, तर जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद. सर्व्हर सिंगापूरला असेल तर सरळ रेषेतच साडेतीन हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे किमान ३५, आणि केबल वळसे घेत जाते म्हणून प्रत्यक्षात आणखी जास्त. यात तुमचा टॉवर, घरचा वायफाय आणि मधली गर्दी मिळवा. बऱ्याचदा सर्वात जास्त उशीर याच शेवटच्या टप्प्यात होतो.

सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या फोनवर एक चित्र जवळपास १७ मिलिसेकंद टिकतं. पिंग १०० असेल तर तुम्ही सहा चित्रं मागे. तुमच्या स्क्रीनवर तुम्ही भिंतीमागे पोहोचलेले असता. गोळी मारणाऱ्याच्या स्क्रीनवर तुम्ही अजून उघड्यावर. खरं काय ते सर्व्हर ठरवतो आणि बऱ्याच गेममध्ये तो मारणाऱ्याच्या स्क्रीनला झुकतं माप देतो, नाहीतर कुणाचाच नेम लागणार नाही. याला चीटिंग म्हणत नाहीत. पण पिंग सारखा ४० वरून २०० वर उड्या मारत असेल, तर गेम कितीही सुंदर असला तरी खेळण्यात राम नाही.

'मेड इन इंडिया'चं काय?

मिरजेच्या माणसाला हे समजवायला लागत नाही. आमच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. पण सतारमेकर गल्लीत दीडशे वर्षांहून जास्त काळ वाद्यं बनतायत, आणि देशभरातले कलाकार ती घेत आलेत ते आवाजासाठी. आवाज आधी होता, शिक्का नंतर आला. शिक्क्याचा अभिमान आहेच, पण फक्त शिक्का बघून कुणी बेसूर सतार विकत घेणार नाही.

इंडसबद्दलही माझं मत तसंच. पुण्यात बसून एवढा मोठा गेम उभा करणं किती अवघड आहे, हे सॉफ्टवेअरमध्ये काम करतो म्हणून कळतं. म्हणून पहिल्या दिवशी सर्व्हर अडखळला तर लगेच एक स्टार देऊन मोकळे होऊ नका. पण महिन्याभराने अडखळत असेल, तर 'आपला आहे' म्हणून गप्पही बसू नका. फोनचं मॉडेल, पिंग आणि नेमकं काय बिघडलं ते लिहून रिव्ह्यू द्या. बनवणाऱ्याला त्याचाच उपयोग होतो.

बुधवारआधी एवढं करा

१. स्टोरेज रिकामं करा. डाउनलोडइतकीच नव्हे, त्याच्या दुप्पट जागा ठेवा. गेम उघडल्यावर आत आणखी फाइल्स उतरतात.

२. टेलिग्रामवर कुणी 'आधीच खेळा' म्हणून एपीके फाइल दिली तर हात लावू नका. गेम प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरवरूनच घ्या.

३. पहिले दोन आठवडे एक रुपयाही खर्च करू नका. स्किनचे पैसे दिले तरी स्किन तुमच्या मालकीची होत नाही. गेम असेपर्यंत वापरायची ती परवानगी आहे. फोन आई-वडिलांचा असेल तर प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावून ठेवा.

४. टीममधल्या सगळ्यात साध्या फोनवर आधी इन्स्टॉल करा. तिथं सलग तीन मॅच नीट चालल्या, तरच बाकीच्यांनी ठरवा.

हा चौथा मुद्दा मामेभावाला सांगितला तेव्हा तो पहिल्यांदा हसला. लगेच ग्रुपवर टाकलं, "आधी माझ्या फोनवर बघायचं म्हणतोय दादा." एकाने अंगठा दिला, दुसऱ्याने "चालतंय की". तिसऱ्याने अजून मेसेज बघितलेला नाही.

बुधवारी रात्री चौघं आमच्या गच्चीवर बसणार आहेत, कारण तिथं रेंज बरी येते. प्रत्येक मॅचचा पिंग वहीत लिहायचं काम मी त्यांना दिलंय. दिवाळीला मिरजेला गेलो की ती वही बघतो आणि काय निघालं ते इथंच लिहितो. तुमच्याकडे कसं चालतंय तेही कळवा, पण फोनचं मॉडेल आणि गावाचं नाव लिहायला विसरू नका.