बॅक्स्टरचं खातं

१५ एप्रिल १९६७. वेम्बलीवर इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड. इंग्लंड आदल्याच वर्षी जगज्जेतं झालेलं आणि त्यानंतर एकही सामना न हरलेलं. अशा संघासमोर आपण पुढे आहोत असं दिसताच स्कॉटलंडचा डावा हाफ जिम बॅक्स्टर चक्क खेळ मांडून बसला. चेंडू जमिनीला टेकू न देता डाव्या पायावर अलगद उडवत तो चालू लागला. जणू घरासमोरचं अंगणच! स्कॉटलंड ३-२ ने जिंकलं. डेनिस लॉला मात्र आणखी गोल हवे होते. १९६१ मध्ये इथेच खाल्लेल्या ९-३ अशा माराची फेड करायची होती. मला विचाराल तर मी लॉच्या बाजूचा. वसुली करायची तर पुरती करावी. बँकेतली सवय, दुसरं काय!

पण ती चित्रफीत मी पुन्हा पुन्हा पाहतो, ती बॅक्स्टरसाठी.

फाइफमधल्या हिल ऑफ बीथ या खाणकामगारांच्या गावी १९३९ साली तो जन्मला. स्वतःही कोळशाच्या खाणीत उतरला. १९६० मध्ये रेंजर्सने त्याला साडेसतरा हजार पौंडांना घेतलं. १९६३ च्या वेम्बली विजयातले दोन्ही गोल त्याचेच. डिसेंबर १९६४ मध्ये व्हिएन्नात पाय मोडला, सक्तीची विश्रांती आली आणि दारू वाढली. पुढे संडरलंड. मग नॉटिंगहॅम फॉरेस्टने त्याच्यासाठी एक लाख पौंड मोजले आणि १९६९ मध्ये फुकट सोडून दिलं. एकतिसाव्या वर्षी खेळ संपला.

मग त्याने ग्लासगोत काय काढलं? पब! पिणाऱ्याने पब काढायचा, वर जुगाराचा नाद. असलं कर्जप्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं, तर मी कागद न उलगडताच परत केलं असतं.

१९९४ मध्ये त्याच्यावर दोनदा यकृतरोपण झालं. कुणा अनोळखी माणसांच्या मृत्यूनंतर मिळालेलं हे दान, तेही रांगेत इतर रुग्ण ताटकळत असताना. आधीचं सगळं उधळलेल्याला ते द्यावं? माझं मन झटकन 'नाही' म्हणतं. मग मला आमच्याच नात्यातला एकजण आठवतो, त्याची दवाखान्याबाहेर बसलेली आई आठवते, आणि 'नाही' घशातच अडकतं. डॉक्टरांनी बॅक्स्टरचा हिशेब मागितला नाही. त्याला आणखी सात वर्षं मिळाली. १४ एप्रिल २००१ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने तो गेला. वेम्बलीच्या त्या सामन्याला दुसऱ्या दिवशी चौतीस वर्षं होणार होती.

२००३ मध्ये हिल ऑफ बीथने त्याचा पुतळा उभारला. चेंडूसकट.